सर थॉमस मन्रो : सेनापती आणि कलेक्टर

स्कॉटलंड देशाने आपल्या दख्खनच्या इतिहासाला एकाच काळात तीन माणसे दिली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जॉन माल्कम आणि थॉमस मन्रो. एल्फिन्स्टन हे लॉर्ड घराण्यातले, जन्माचे उमराव. पण ते सेनापती नव्हते. माल्कम साहेबांचे नाव महाबळेश्वरच्या माल्कम पेठेमुळे मराठी माणसाच्या कानावर आहे. तिसरे जे मन्रो, त्यांना सरदारकी मिळाली ती वयाच्या ६४ व्या वर्षी, आणि तीही आयुष्यभराच्या कष्टांनी. बापाचे दिवाळे निघालेले पाहून घराबाहेर पडलेला हा मुलगा पुढे मेजर जनरल, नाइट, मद्रासचा गव्हर्नर आणि वंशपरंपरेच्या पदवीचा बॅरोनेट झाला. मराठी पुस्तकांत त्यांचा उल्लेख दोन ओळींपलीकडे सहसा येत नाही.

वाचकहो, मुंबईहून मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला जाणारी रेल्वे सोलापूर, कलबुर्गी, वाडी, रायचूर, मंत्रालयम रोड, गुंटकल, गुत्ती अशी जाते. बिदर आणि कलबुर्गीकडच्या आपल्या लोकांचे ह्या गाडीवाचून चालत नाही. सोलापूरला आपण बाजारासाठी, दवाखान्यासाठी आणि सोयरिकीसाठी जातो. ह्याच मार्गावर मन्रो साहेबांच्या आयुष्यातली बहुतेक मोठी स्थळे आहेत. सोलापूरच्या किल्ल्यापुढे त्यांनी पेशव्याच्या पायदळाशी शेवटची लढाई दिली, मंत्रालयमला त्यांच्याविषयीची एक कथा अजून सांगतात, गुत्तीला त्यांना प्रथम पुरले आणि चेन्नईला त्यांचा घोड्यावरचा पुतळा उभा आहे.

थॉमस मन्रो यांचा जन्म २७ मे १७६१ रोजी ग्लासगो शहरात झाला. वडील अलेक्झांडर मन्रो हे व्यापारी. त्यांचा धंदा अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांताशी होता. घरात बरीच भावंडे होती. लहानपणी गोवराच्या दुखण्यात थॉमसचे कान अधू झाले, आणि ती उणीव जन्मभर राहिली. पुढे ज्या माणसाने वर्षानुवर्षे तंबूच्या दारात बसून हजारो रयतांच्या तक्रारी ऐकल्या, त्याला नीट ऐकू येत नसे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ग्लासगोच्या शाळेत आणि मग तिथल्याच विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. वाचनाचे वेड इतके की एक स्पॅनिश कादंबरी मूळ भाषेत वाचावी म्हणून सोळाव्या वर्षी त्यांनी ती भाषा स्वतःच शिकून घेतली. गणित व रसायन हेही आवडते विषय होते.

एका व्यापारी पेढीत ते हिशेब लिहिण्याच्या कामाला लागले. इतक्यात अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले, व्हर्जिनियाचा व्यापार बसला आणि वडिलांची पेढी बुडाली. अशा घरातल्या मुलाला त्या काळी एकच वाट मोकळी असे, ती म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी. वडिलांनी खटपट करून कंपनीच्या लष्करात कॅडेटची जागा मिळवली आणि जानेवारी १७८० मध्ये हा तरुण मद्रासला उतरला.

उतरल्याबरोबर त्यांना पहिला धडा मिळाला. एक सभ्य दिसणारा वयस्कर नोकर पुढे आला आणि म्हणाला की विलायतेचे हे कपडे इकडच्या हवेत उपयोगाचे नाहीत, ते विकून नवे घ्यावे लागतील. कपडे आणि वर थोडे पैसे घेऊन तो गेला तो पुन्हा दिसला नाही. कित्येक दिवस मन्रो अंगावरच्या कपड्यांनिशी राहिले. पुढे आपल्या पत्रात त्यांनी ही हकीगत हसत हसत कळवली. दुसरा एखादा असता तर त्या एका नोकरावरून साऱ्या देशाविषयी मत बनवून बसला असता. तसे करणारे साहेब त्या काळी थोडे नव्हते.

त्याच वर्षी हैदर अली कर्नाटकच्या घाटाखाली उतरला. सप्टेंबर १७८० मध्ये पोल्लिलूर येथे कर्नल बेली यांची सारी तुकडी कापली गेली. सर हेक्टर मन्रो यांचे मोठे सैन्य कांचीपुरमला काही कोसांवर होते; ते मदतीला वेळेवर पोचले नाही आणि हे ऐकून मागे फिरले. (हे हेक्टर मन्रो निराळे, आडनावाने गोंधळू नये.) एकोणीस वर्षांचा थॉमस त्या मागे फिरणाऱ्या सैन्यात होता. वडिलांना लिहिलेल्या पत्रांत त्याने वरिष्ठांच्या चुका मोकळेपणाने दाखवल्या आहेत. मग सर आयर कूट यांच्या हाताखाली लढाया, उपासमार आणि कूच. आपल्याला पहिली तीन वर्षे उशी म्हणून पुस्तक नाही तर काडतुसांची थैली घ्यावी लागली आणि खाट म्हणजे चार काठ्यांवर ताणलेले किंतान होते, असे त्यांनी बहिणीला कळवले होते. एवढ्या तुटपुंज्या पगारातून ते आणि त्यांचा हिंदुस्थानातच असलेला भाऊ मिळून दरवर्षी आईबापांना पैसे पाठवीत. ह्या गोष्टीला चरित्रकार फार जागा देत नाहीत. मला मात्र ती पुढच्या सगळ्या विजयांइतकी मोठी वाटते.

मोकळ्या वेळात त्यांनी हिंदुस्तानी आणि फारसी शिकून घेतली. पुढे कन्नड, तेलुगू आणि मराठीही त्यांना कामापुरती येऊ लागली. दुभाष्याशिवाय रयतेशी बोलणारा अधिकारी त्या काळात विरळा होता, आणि ह्याच एका गुणाने त्यांच्या आयुष्याला वळण दिले. १७९२ मध्ये टिपूकडून बारामहालचा मुलूख, म्हणजे आजचा सेलम, धर्मपुरी, कृष्णगिरीचा भाग, कंपनीकडे आला. तो चालवायला लॉर्ड कॉर्नवॉलिस यांना देशी भाषा जाणणारे मुलकी अधिकारी मिळेनात. म्हणून कॅप्टन अलेक्झांडर रीड आणि त्यांचे मदतनीस म्हणून लेफ्टनंट मन्रो अशा लष्करी माणसांना तिथे नेमले. सात वर्षे ते तिथे होते.

येथे थोडे थांबून जमाबंदीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून मन्रो समजत नाहीत. बंगालमध्ये कॉर्नवॉलिस यांनी १७९३ मध्ये जमीनदारांशी कायमचा करार केला. सरकारने जमीनदाराकडून ठरलेली रक्कम घ्यायची आणि जमीनदाराने कुळांकडून काय घ्यायचे ते त्याने पाहावे. रीड आणि मन्रो यांना बारामहालात निराळेच दिसले. इथे सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये जमीनदार नावाचा मालक मुळात नव्हताच. मग तो नव्याने का निर्माण करावा? प्रत्येक शेताची मोजणी करावी, जमिनीची प्रत ठरवावी, त्यावर सारा बांधावा आणि तो ज्याच्या नावावर शेत आहे त्याच्याकडूनच घ्यावा. त्याला जमीन सोडायची असेल तर सोडू द्यावी, वाढवायची असेल तर वाढवू द्यावी. हीच रयतवारी. मुंबई इलाख्यातही पुढे थोड्याफार फरकाने हीच पद्धत आली. आपल्या शेतकऱ्याच्या हातात जो नावनिशीवार उतारा असतो, त्याचे मूळ ह्या विचारात आहे.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला. म्हैसूरच्या राज्याची वाटणी करण्यासाठी जे मंडळ नेमले त्याचे दोन चिटणीस होते, माल्कम आणि मन्रो. दोघांची जन्मभराची मैत्री तिथलीच. त्यानंतर मन्रो यांना कारवार-मंगळूरकडच्या कानडा जिल्ह्यात पाठवले. तिथला पाऊस आणि तिथले दंगे यांनी ते फार कंटाळले. पुढच्याच वर्षी त्यांची बदली झाली, आणि ही बदली आपल्या भागाच्या इतिहासाशी जोडलेली आहे.

ऑक्टोबर १८०० मध्ये हैदराबादच्या निजामाने इंग्रजांशी तह केला. इंग्रज फौजेचा खर्च रोख देण्याऐवजी टिपूकडून मिळालेला सगळा मुलूख त्याने कंपनीला देऊन टाकला. बळ्ळारी, अनंतपूर, कडप्पा आणि कर्नूलचा काही भाग. इंग्रज त्याला सोडून दिलेले जिल्हे म्हणत. तुंगभद्रा आणि कृष्णा ह्या नद्या हद्द ठरल्या. नदीच्या दक्षिणेला मन्रो आले आणि उत्तरेला, म्हणजे रायचूर, कलबुर्गी, बिदर ह्या आपल्या बाजूला निजामाचेच राज्य राहिले, ते १९४८ पर्यंत. पलीकडे शेताशेताची मोजणी होत असताना अलीकडे तालुकेच्या तालुके मक्त्याने दिले जात होते. ज्याने मक्ता घेतला त्याने रयतेकडून काय पिळून काढले ते कोणी विचारत नसे. सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाले, त्यानंतर ही मक्तेदारी हळूहळू मोडली. नदीच्या एका काठाने दुसऱ्या काठाच्या मानाने पन्नास वर्षे आधी मोकळा श्वास घेतला, एवढे म्हटले तर ते खोटे होणार नाही.

मोकळा श्वास म्हटले, पण तो स्वस्त नव्हता. त्या मुलखात सुमारे ऐंशी पाळेगार होते. प्रत्येकाची गढी, प्रत्येकाची माणसे आणि रयतेकडून प्रत्येकाची वेगळी वसुली. मन्रो यांनी त्यांतल्या पुष्कळांना हाकलले, काहींना कैद केले, काहींना पेन्शन दिली. हे त्यांनी इतक्या कडकपणे केले की विलायतेच्या डायरेक्टरांनाही ते रुचले नाही. ते स्वतः पहिली काही वर्षे बहुतेक तंबूतच राहिले. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचे, झाडाखाली बसायचे, पाटील, कुलकर्णी आणि रयत यांना समोरासमोर बोलवायचे. सकाळपासून रात्रीपर्यंत लोक येत आणि भांडत. सात वर्षांत सरकारचे उत्पन्न जवळजवळ दीडपट झाले.

आता खरे ते सांगितले पाहिजे. मन्रो यांचा सारा हलका नव्हता. ही गोष्ट त्यांना स्वतःलाच ठाऊक होती. १८०७ मध्ये रजेवर जाताना त्यांनी लिहून ठेवले की ह्या जिल्ह्यांचा सारा चौथ्या हिश्शाने कमी करावा, म्हणजे शेतकऱ्याजवळ काही उरेल आणि जमिनीला किंमत येईल. मद्रास सरकारने ती शिफारस बाजूला ठेवली. ती अमलात आली तेव्हा मन्रो स्वतः गव्हर्नर होऊन परत आले होते. मधल्या तेरा वर्षांत किती कुटुंबांनी जमीन सोडली असेल कोण जाणे. आणि त्यांच्या मृत्यूनंतरही मद्रास इलाख्यात सारा वसूल करताना गावकामगार रयतेचा छळ करीत, हे १८५५ च्या सरकारी चौकशीत उघड झाले. पद्धत चांगली असली तरी ती चालवणारे हात तसेच असतात असे नाही.

विलायतेत ते सहा वर्षे राहिले. १८१३ मध्ये कंपनीच्या सनदेच्या वेळी हाउस ऑफ कॉमन्सपुढे त्यांची साक्ष झाली. हिंदुस्थानातील लोक रानटी आहेत, त्यांना सुधारले पाहिजे, असे पुष्कळांचे म्हणणे होते. मन्रो यांनी तिथली शेती, कारागिरी, गावोगावच्या शाळा आणि पाहुणचार यांची वर्णने केली आणि सांगितले की सुधारणा हा जर दोन देशांमधल्या व्यापाराचा माल झाला, तर आयात करण्यात फायदा इंग्लंडचाच होईल. पार्लमेंटच्या सभागृहात हे बोलायला धैर्य लागते. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्यांनी एअरशायरच्या जेन कॅम्बेल यांच्याशी लग्न केले. तेव्हा त्यांचे वय ५२ होते. लगेच दोघे मद्रासला आले आणि न्यायखात्याच्या सुधारणेचे काम त्यांनी हाती घेतले. गावच्या पाटलाला लहानसहान तंट्यांचा अधिकार, पंचायतींना कायद्यात जागा, देशी मुन्सफांना जास्त अधिकार, हे १८१६ चे कायदे त्यांच्याच प्रयत्नांचे फळ.

आता सेनापती मन्रो. जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने पेशव्याने धारवाडकडचा मुलूख कंपनीला दिला आणि तो ताब्यात घ्यायला मन्रो यांना पाठवले. नोव्हेंबरमध्ये खडकीची लढाई होऊन उघड युद्ध सुरू झाले तेव्हा ते धारवाडला होते. त्यांच्याजवळ सैन्य म्हणावे असे फारच थोडे होते, पलटणीच्या काही कंपन्या, एवढेच. वरिष्ठांकडून मोठी फौज येण्याची चिन्हे नव्हती. तेव्हा त्यांनी जी युक्ती केली तिला लष्करी इतिहासात जोड सापडणे कठीण. गावोगावच्या लोकांतून त्यांनी शिपाई भरती केले आणि पेशव्याच्या ताब्यातल्या तालुक्यांवर आपले अमीलदार नेमून त्यांना ह्या शिपायांसह पाठवून दिले. अमीलदार गावात जाऊन वसुली आपल्या नावाने सुरू करी आणि पेशव्याच्या इजारदारांना कंटाळलेले लोक त्याला मिळत. मुलूख आधी रयतेच्या मनाने पडे, किल्ला मग.

जानेवारी १८१८ मध्ये गदग, डंबळ, हुबळी, फेब्रुवारीत बदामी, जो किल्ला खडकावर बसलेला आणि अजिंक्य समजला जाई, मग बागलकोट. २० मार्चला बेळगावला वेढा पडला आणि १० एप्रिलला किल्ला खाली झाला. तिथून ते उत्तरेला वळले. जनरल प्रिट्झलर यांची फौज त्यांना येऊन मिळाली आणि मे महिन्यात दोघे सोलापूरपुढे आले. बाजीरावाचे उरलेसुरले पायदळ आणि तोफा गणपतराव पानसे यांच्या हाताखाली तिथे होत्या. बहामनी काळातला तो भुईकोट किल्ला, ज्यांच्या राजधान्या आपल्या कलबुर्गी आणि बिदरला होत्या त्यांच्या अमदानीतला, आजही सिद्धेश्वराच्या तळ्याजवळ पाहता येतो. १० मे रोजी पेठ घेतली गेली. बाहेरचे पायदळ हटून निघाले, त्याचा पाठलाग झाला, आणि महिन्याच्या मध्यास किल्लाही शरण आला. तीन आठवड्यांत, ३ जूनला, बाजीराव माल्कम साहेबांच्या स्वाधीन झाला. पेशवाईचा शेवट दोन जिवलग मित्रांच्या हातून झाला म्हणायचा.

हे लिहिताना आपण मराठी माणसे आहोत हे मी विसरलेलो नाही. सोलापूर पडल्याचा आनंद मानण्याचे आपल्याला काही कारण नाही. पानसे आणि त्यांचे लोक आपल्या धन्यासाठी लढले. परंतु बदामीपासून सोलापूरपर्यंतच्या शेतकऱ्याने त्या वर्षी पेशव्याची बाजू का घेतली नाही, हा प्रश्न राहतोच, आणि त्याचे उत्तर तोफांत नाही, इजाऱ्यांत आहे. जनरल पदावरच्या माणसाने हे ओळखले, कारण तो आधी वीस वर्षे चावडीत बसला होता.

ह्या मोहिमेत त्यांची प्रकृती ढासळली, दृष्टी मंदावली. १८१९ च्या आरंभी ते विलायतेला निघाले; वाटेत जहाजावरच त्यांना मुलगा झाला. पार्लमेंटमध्ये कॅनिंग यांनी त्यांच्या मोहिमेची मोठी स्तुती केली, नाइटची पदवी आली आणि लगोलग मद्रासच्या गव्हर्नरपदावर नेमणूक झाली. जून १८२० मध्ये ते पुन्हा मद्रासला उतरले. चाळीस वर्षांपूर्वी ज्या शहरात त्यांचे कपडे चोरीला गेले, त्याच शहरात आता सलामीच्या तोफा झाल्या.

गव्हर्नर म्हणून त्यांनी केलेल्या कामांपैकी दोन आपल्या वाचकांना विशेष वाटतील. पहिले शाळांचे. १८२२ मध्ये त्यांनी सगळ्या कलेक्टरांना हुकूम केला की जिल्ह्यात किती शाळा, किती मुले, कोणत्या जातीची, काय शिकतात ते कळवावे. सगळी उत्तरे यायला तीनचार वर्षे लागली. हिशेब निघाला तो असा : १२,४९८ शाळा, १,८८,६५० विद्यार्थी आणि इलाख्याची लोकसंख्या १,२८,५०,९४१. घरी शिकणारे धरले तर मुलग्यांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा काही ना काही शिकतो, असा मन्रो यांचा अंदाज होता. एकट्या बळ्ळारी जिल्ह्यात ५३३ शाळा निघाल्या : २३५ कन्नड, २२६ तेलुगू, आणि मराठीच्या २३. तुंगभद्रेच्या दक्षिणेला दोनशे वर्षांपूर्वी मराठी शिकवणाऱ्या तेवीस शाळा! सीमाभागात मराठी नवी आली असे समजणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. मात्र त्या सगळ्या शाळांतून शिकणाऱ्या मुली फक्त ६० होत्या, आणि आपल्या मंडळ्यांतले पुष्कळ लोक ज्या समाजांतून आले त्यांची मुले त्या शाळांच्या ओट्यावरही बसत नव्हती. मोठा आकडा वाचताना त्याच्या बाहेर कोण राहिले तेही वाचावे.

दुसरी गोष्ट आपल्या वर्मी लागणारी आहे. त्याच १८२२ साली त्यांच्या इलाख्यातला एक सब-कलेक्टर आपल्या अधिकाराच्या जोरावर ख्रिस्ती धर्माचा प्रसार करू लागला. हेतू चांगला असेल. प्रकरण गव्हर्नरपुढे आले. बळ्ळारीला लंडन मिशनचे जॉन हँड्स १८१० पासून काम करीत होते, त्यांना कोणी अडवले नाही. पण कलेक्टरने प्रचारक होणे मन्रो यांनी साफ नामंजूर केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : सारा वसूल करणारा आणि शिक्षा देणारा माणूस जेव्हा धर्म सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याला तो हुकूमच वाटतो. राज्यकर्ते मूठभर आणि परके असताना लोकांच्या धर्माला असा हात लावणे धोक्याचे. कलेक्टरला लोकांना काही शिकवायचे असेल तर त्याने आपल्या वागणुकीने शिकवावे. त्यांचे तंटे मिटवावे, त्यांची किरकिर आणि वेळप्रसंगी शिव्याही सोसाव्या, सारा बेताचा ठेवावा, पीक बुडाले तर सूट द्यावी.

वेल्लूरला १८०६ मध्ये शिपायांचे बंड झाले होते. नवी पगडी घालायची, कपाळावर गंध लावायचे नाही, कानात बाळी नको, असे हुकूम त्याला कारण झाले. ते मन्रो विसरले नव्हते. त्यामुळे राज्य सांभाळण्याचा हिशेबही ह्या निर्णयात होता, नाही असे नाही. काही ख्रिस्ती लेखकांनी ह्याबद्दल त्यांना दोष दिला आहे. कलेक्टरने देवाच्या वचनाची लाज धरावी काय, असा त्यांचा सवाल. मला तो दोष लागू पडत नाही असे वाटते. कफर्णहूमच्या शताधिपतीने यहुद्यांना सभास्थान बांधून दिले, पण आपल्या शंभर शिपायांना रांगेत उभे करून विश्वास धरायला लावल्याचे शुभवर्तमानात कुठे नाही. आणि आपल्या बिदर-कलबुर्गीकडच्या मंडळ्यांचा इतिहास काय सांगतो? त्या निजामाच्या राज्यात वाढल्या. तिथे कलेक्टर ख्रिस्ती नव्हता, तहसीलदार ख्रिस्ती नव्हता, पाटील तर नव्हताच. आपले आजे-पणजे ज्या दिवशी बाप्तिस्म्याला उभे राहिले त्या दिवशी सरकारी कचेरीतून त्यांना काही मिळणार नव्हते. गावच्या विहिरीवरचे पाणी मात्र तुटण्याची भीती होती. साहेबाच्या राज्यात साहेबाचा धर्म घेतला, हा टोमणा आपण सगळ्यांनीच ऐकलेला आहे. आपल्या भागात त्याला आधार नाही.

मन्रो यांच्या सगळ्याच मतांना मान हलवावी असे नाही. त्याच वर्षी त्यांनी छापखान्यांना मोकळीक देण्याच्या विरुद्ध लिहिले. परक्यांचे राज्य आणि मोकळा छापखाना फार दिवस एकत्र नांदणार नाहीत, असा त्यांचा मुद्दा. मुद्दा खरा ठरला. पण त्यांनी बाजू राज्याची घेतली. आणि तरी १८२४ च्या अखेरीस लिहिलेल्या एका मोठ्या टिपणात हाच माणूस म्हणतो की हिंदी लोकांना वरच्या जागांपासून दूर ठेवल्याने त्यांचे शील खचते. एका सबंध राष्ट्राला असे खालावण्यापेक्षा आपण ह्या देशातून हाकलले गेलेले बरे. आणि पुढे कधीतरी हे लोक आपला कारभार आपण चालवू लागतील तेव्हा इंग्रजांनी हळूहळू दूर व्हावे. काँग्रेसच्या स्थापनेला त्या वेळी अजून साठ वर्षे होती.

ब्रह्मदेशाच्या पहिल्या युद्धात मद्रासहून फौज आणि रसद पुरवण्याचे काम त्यांनी केले, त्याबद्दल १८२५ मध्ये बॅरोनेट झाले. त्यांनी राजीनामा आधीच पाठवला होता, पण बदली माणूस येईना. १८२६ मध्ये धाकट्या मुलाच्या आजारामुळे लेडी मन्रो त्याला घेऊन विलायतेला गेल्या. घरी एकटे राहिलेल्या साहेबांनी बायकोला लिहिलेली पत्रे उदास आहेत. रिकामी खोली आणि बाग यांचीच वर्णने.

पुढच्या वर्षी नवा गव्हर्नर येण्याआधी आपल्या जुन्या जिल्ह्यांचा निरोप घ्यावा म्हणून ते निघाले. पटकीची साथ होती. बरोबरच्या लोकांत ती शिरली. ६ जुलै १८२७ रोजी गुत्तीपासून काही कोसांवरच्या पत्तिकोंडा गावी सकाळी त्यांना पटकी झाली आणि रात्री त्यांनी प्राण सोडला. ज्या रयतेत तंबू ठोकून त्यांनी सात वर्षे काढली होती, तिच्यातच, तंबूतच. दुसऱ्या दिवशी गुत्तीच्या किल्ल्याखाली त्यांना पुरले. १८३१ मध्ये त्यांचे अवशेष मद्रासच्या सेंट मेरी चर्चमध्ये नेण्यात आले. पत्तिकोंड्याला सरकारने त्यांच्या नावाने विहीर आणि झाडांची राई केली, गुत्तीला धर्मशाळा बांधली.

मंत्रालयमची कथा अशी : राघवेंद्रस्वामींच्या मठाच्या इनामाची चौकशी करायला मन्रो आले, जोडे आणि टोपी काढून आत गेले, तेव्हा समाधिस्थ स्वामी त्यांच्याशी बोलले, आवाज दुसऱ्या कोणाला ऐकू आला नाही, आणि साहेबांनी इनाम कायम केले. आपण ह्या कथेवर विश्वास ठेवत नाही, पण तिची चेष्टाही करू नये. कर गोळा करणाऱ्या परक्या साहेबाला आपल्या देवस्थानाच्या कथेत लोकांनी स्वतःहून जागा दिली, असे किती कलेक्टरांच्या बाबतीत घडले आहे? त्या जिल्ह्यांत बरेच दिवस लोक आपल्या मुलांचे नाव मन्रोलप्पा ठेवीत असत.

चेन्नईतला पुतळा सर फ्रान्सिस चँट्री यांनी घडवलेला आणि १८३९ मध्ये बसवलेला आहे. ब्राँझचा घोडा, त्यावर सरळ बसलेले मन्रो. घोड्याला खोगीर नाही आणि रिकीबही नाही. शिल्पकार विसरला असे काही लोक म्हणतात, तर काहींच्या मते ते मुद्दामच तसे केले. वाहनांच्या गर्दीत तो अजून तिथेच आहे.